‘पोरगा एनडीएत? मग तिकीट कुठून?’

कृष्णाकाठची | शनिवार, संध्याकाळी ६:४०

मंडळी, या धाग्याला निमित्त कालच्या वास्तुशांतीचं. पंगतीत माझ्या शेजारी सासरच्या नात्यातले एक काका बसले होते. जिलबी तोडता तोडता त्यांनी विचारलं, “धाकटे चिरंजीव काय करतात सध्या?”

“एनडीएत आहे.”

काकांनी जिलबी ताटात ठेवली. “अरे वा! कळवलं नाहीत. मग तिकीट कुठून?”

मला वाटलं एसटीचं विचारतायत. म्हटलं, “स्वारगेटपर्यंत काढतो, पुढं जातो कसातरी.”

“तसं नव्हे हो. मतदारसंघ कुठला?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. काका राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होते आणि मी तिन्ही दलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. घाईघाईनं म्हटलं, “नाही नाही, ते नव्हे. खडकवासला!”

काकांचा चेहरा पडला. “खडकवासला? तिथं फार चुरस. आधी आपल्याकडून जिल्हा परिषद लढवायला हवी होती.”

खडकवासला नावाचा विधानसभा मतदारसंघ खरोखरच आहे, हे मला घरी आल्यावर लेकीनं मोबाइलवर दाखवलं. काका चुकले नव्हते, नुसते भलत्या गाडीत बसले होते.

चिरंजीव आता चौथ्या टर्मला आहेत. तीन वर्षांच्या सहा टर्म असतात, म्हणजे दुसरं वर्ष संपत आलं. एवढ्या काळात मी जे प्रश्न झेललेत त्यांची वही झाली असती. सगळ्यात पहिला मान पगाराचा. सरकारनं पोरगं ठेवून घेतलं म्हणजे पगार चालू, अशी लोकांची खात्री. तीन वर्षं दमडी मिळत नाही हो! राहणं, जेवण, गणवेश, शिक्षण सरकारचं, पण वरखर्च आई-बापाचा. यूपीएससीच्या जाहिरातीतच छापलेलं असतं, साधारण महिना ३,००० रुपयांपर्यंत. विद्यावेतन सुरू होतं ते एनडीए संपवून पुढच्या अकादमीत गेल्यावर, महिना ५६,१०० रुपये. माझ्या भावजयीच्या मते आम्ही त्याचा पगार लपवतोय. दिवाळीत म्हणाली, “लेकाच्या पैशातून काय घेतलंस मग?” मी त्याच दिवशी त्याच्या पीटी शूजचे पैसे भरून आले होते. काय सांगणार?

पण आमच्या घरचा मोठा घोळ सासूबाईंचा. तो गेला त्या आठवड्यात दोन मिनिटांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. तो ओरडला, “आई, मला हंटर मिळालं!” आणि फोन कट.

सासूबाई माळ ओढत होत्या. माळ थांबली.

“हंटर? पोराला हंटरनं मारतात?”

तिथं १८ स्क्वाड्रन असतात, म्हणजे कॅडेटांचे गट. नावं वायरलेसवरच्या अक्षरांची, अल्फा, ब्राव्हो, चार्ली असं करत आर अक्षराच्या रोमिओपर्यंत. फक्त एचला हॉटेलऐवजी हंटर आणि पीला पापाऐवजी पँथर. माझ्या मुलाला हंटर स्क्वाड्रन मिळालं होतं, एवढंच. हे मला समजायला एक दिवस लागला. तोवर सासूबाईंनी दोन वेळचं जेवण सोडलं होतं आणि सासऱ्यांना “तुमच्या घराण्याचा वंश फटके खातोय” असं सुनावून झालं होतं. अजूनही फोन आला की त्या आधी विचारतात, “पाठ बरी आहे ना?”

तर मंडळी, तुमच्याही गमती टाका.

---

पुणेरी_टोमणा | शनिवार, संध्याकाळी ७:१५

मतदारसंघावर हसून हसून पुरेवाट!

मी वारज्याचा. पुणेकराच्या मनात खडकवासला म्हणजे धरण आणि धरण म्हणजे रविवारी भाजलेलं कणीस. लहानपणी बाबा स्कूटरवरून न्यायचे. एनडीएचं फाटक दिसलं की मी विचारायचो, इथं कोण राहतं. बाबा सांगायचे, “धरणाचं पाणी कुणी चोरू नये म्हणून सैन्य ठेवलंय.” नववीपर्यंत मी हे खरं मानत होतो. पुण्यातली पाणीकपात बघता बाबांची थिअरी अगदीच टाकाऊ नव्हती.

त्यात माझा मामा खडकवासल्यालाच नोकरीला, पण जल आणि विद्युत संशोधन केंद्रात. ते १९१६ सालचं, म्हणजे एनडीएच्या कितीतरी आधीचं. तरी मामा खडकवासल्याला असतो म्हटलं की लोक त्याला ‘कर्नलसाहेब’ म्हणायचे. त्यानं आयुष्यभर धरणांची मॉडेलं बनवून त्यातून पाणी सोडलं. कर्नलसाहेब ही हाक मात्र एकदाही नाकारली नाही.

अजून एक. सिंहगडावर सकाळी पिठलं-भाकरी हाणत बसलं की कधीकधी घामेघूम पोरं पाठीवर ओझं घेऊन धडाधडा वर येतात, घड्याळात बघतात आणि आल्या पावली उतरतात. माझ्या बायकोला वाटायचं कुठलातरी ट्रेकिंग क्लब आहे. एकदा तिनं एकाला थांबवून ताक देऊ केलं. “या जरा, दृश्य बघा, इतकी कसली घाई?” तो बिचारा म्हणाला, “मॅम, पनिशमेंट है.” सिंहगड हाईक ही तिथं शिक्षा असते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आम्ही पार्किंगचे पैसे भरून तीच शिक्षा भोगतो.

---

सायकल_खांद्यावर | शनिवार, रात्री ८:०५

ताई, मी ऐंशीच्या दशकात तिथं तीन वर्षं काढली, मग नौदल, आता निवृत्त. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पाठ बरी असते म्हणावं, दुखतात ते गुडघे.

लोकांना तेव्हाही वाटायचं, आताही वाटतं, की कॅडेट सकाळी उठून मशीनगन चालवतो, दुपारी हेलिकॉप्टरमधून उडी मारतो आणि रात्री तोंडाला काळं फासून झाडावर बसतो. माझ्या हाताला तिथं घट्टे पडले ते सायकलच्या हँडलनं. पीटीहून खोली, खोलीहून मेस, मेसहून वर्ग, वर्गाहून परेड ग्राउंड, सगळं सायकलवर. तेही रांगेत. पहिल्या टर्मच्या पोरानं एकट्यानं रमतगमत जायचं नसतं.

एक सकाळ मला अजून दिसते. माझं मागचं चाक पंक्चर. आमच्या वेळी पंक्चर सायकल ढकलत न्यायची सोय नव्हती. ती खांद्यावर घ्यायची आणि बाकीच्यांच्या मागं पळायचं. दांडा गळपट्टीवर, पेडल बरगडीत, साखळीचं काळं वंगण इस्त्रीच्या शर्टावर कॉलरपासून खिशापर्यंत, आणि पुढचं चाक कानाशी आपलं आपण फिरतंय, टक टक टक. वर्गात पोचलो तर तास फिजिक्सचा आणि विषय घर्षण. पाचव्या मिनिटाला मला झोप लागली.

झोपेबद्दल कुणी काही विचारत नाही, पण तिथली खरी लढाई झोपेशीच. डुलकी आली की आपणहून उठून वर्गाच्या मागं उभं राहायचं. मग उभ्यानं झोपायचं. घोड्याला जमतं ते माणसालाही जमतं.

घोड्यावरून आठवलं. घोडेस्वारी सगळ्यांना असते, पुढं आर्मीत जा, नेव्हीत जा की विमान उडवा. आमच्या काकूला हे कळलं तेव्हा तिनं अत्यंत काळजीनं विचारलं, “बोटीवर घोडे ठेवतात कुठं?” मी नौदलाचा हे माझ्या घोड्यालाही कुणीतरी सांगितलं असणार. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं मला नेऊन पाण्याच्या हौदात सोडलं.

आणि अभ्यास! लोक विसरतातच की तिथं पदवी मिळते. बीए, बीएससी, कॉम्प्युटर सायन्स, आता बीटेकही. परीक्षा असतात, नापास होता येतं, आणि फार घसरलात तर रेलिगेशन, म्हणजे सहा महिने मागं. पदवी देतं जेएनयू. हे वाक्य मी माझ्या मामापुढं उच्चारलं नसतं तर बरं झालं असतं. मामा पेपर वाचणारा माणूस. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, “नेमकं ठरव. तू परेड करतोस की मोर्चा?”

---

घाटावरची | शनिवार, रात्री ८:२०

अग्गाई, बोटीवर घोडे!

माझी एक शंका. आमच्या गावात सांगतात की चष्मा असला की फाटकातूनच परत पाठवतात. आणि लेखीनंतरच्या निवड मंडळात, त्या एसएसबीत, म्हणे सापाच्या खड्ड्यात टाकतात. भाचा तयारी करतोय, रात्री सापांची स्वप्नं बघतोय. खरं काय?

---

चेस्टनंबर_सतरा | शनिवार, रात्री ९:१०

घाटावरची ताई, मी एसएसबीला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पाचव्या दिवशी कॉन्फरन्समधून नारळ घेऊन परत आलो. त्यामुळं तज्ज्ञ आहे असं समजायला हरकत नाही. बोर्डात कुणी नावानं हाक मारत नाही, छातीवरच्या नंबरानं मारतात. म्हणून हा आयडी.

साप नाहीत. एकही नाही. पहिल्या दिवशी तर्कशक्तीची चाचणी आणि एक धूसर चित्र, त्यावरून गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. त्यातच बरीच पोरं गळतात. नंतर मानसशास्त्राची चाचणी : बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. मग ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग ६० प्रसंग, ३० मिनिटांत. मैदानावर फळी, दोर, पिंप घेऊन गटानं ‘नदी’ ओलांडायची. आणि मुलाखत, घरच्यासारखी. मला विचारलं, गावात भाजी कोण आणतं, भाव काय. मी भेंडीचा भाव ठोकून दिला. समोरच्या साहेबांना खरा भाव माहीत होता.

साप परवडले, पण गावोगावचे सल्लागार आवरा. मला जाताना शेजारच्या मास्तरांनी बजावलं होतं, “खोलीत शिरलास की पहिला प्रश्न, जिन्याला पायऱ्या किती? मोजून जा.” दुसरा म्हणाला खुर्ची मुद्दाम मोडकी ठेवतात. तिसरा म्हणाला दारात कागदाचा बोळा टाकलेला असतो, उचलला तर पास. मी पायऱ्या मोजल्या, खुर्ची हलवून बघितली, जमिनीकडं बघत आत शिरलो. कुणी काही विचारलं नाही. पायऱ्या बावीस होत्या. त्या अजून पाठ आहेत, इतर कुठं उपयोगी पडलेल्या नाहीत.

चष्म्याचं : सैन्यासाठी ठरावीक मर्यादेतला नंबर चालतो, विमान उडवायचं असेल तर नियम फार कडक. भाच्याला आताच्या जाहिरातीतलं वैद्यकीय पान वाचायला सांगा, मास्तरांना विचारू नका.

परत आल्यावर एका गाववाल्यानं मला पारामागं नेलं. “कुठं कमी पडलं? आधी बोलला असतास तर आपला माणूस होता आत.” लेखीचे ९०० गुण, एसएसबीचे ९००, आणि हा माणूस मला पारामागं रेट सांगतोय. मी विचारलं तुमचा माणूस कोण. तर कुठल्यातरी कॅन्टोन्मेंटात दूध घालणारा.

---

पुणेरी_टोमणा | शनिवार, रात्री ९:१८

दूध घालणारा निदान आत तरी जातो. तू दोनदा जाऊन बाहेरच. (दिवे घ्या, म्हणजे लाइटली.)

---

चेस्टनंबर_सतरा | शनिवार, रात्री ९:२१

घेतले. बावीस दिवे.

---

वाया_गेलेला | शनिवार, रात्री १०:०२

आमच्याकडं मिलिटरी ही शिक्षण नव्हे, धमकी होती. गणितात १४ पडले की वडील : “याला मिलिटरीत टाका, सरळ होईल.” त्यांना कल्पनाच नव्हती की एनडीएच्या लेखीत ३०० गुणांचं नुसतं गणित असतं. गणितात नापास म्हणून मला गणिताकडंच पाठवत होते.

मित्र त्याहून थोर. एमपीएससीचे चार प्रयत्न झाल्यावर म्हणतो, “नाहीतर एनडीए बघू.” वय २६. तिथं जाणारी पोरं साडेसोळा ते साडेएकोणीसची. त्याला सांगितलं तर म्हणतो, “सवलत असेल की.”

---

अटलांटिकपार | शनिवार, रात्री ११:४५

वाया_गेलेला, ही धमकी अमेरिकेतही चालते! इथं ‘मिलिटरी स्कूल’ म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यासमोर वाया गेलेली पोरं सुधारण्याची जागा येते. माझ्या मैत्रिणीचा मुलगा वेस्ट पॉइंटला, म्हणजे इथल्या लष्करी अकादमीत लागला. १८०२ पासूनची संस्था, प्रवेश म्हणजे दिव्य, बहुतेकांना तर आपल्या भागातल्या काँग्रेस (म्हणजे इथली संसद) सदस्याचं नामांकन मिळवावं लागतं. आणि शेजारच्या आजीबाई तिचे हात हातात घेऊन म्हणाल्या, “काळजी करू नकोस, माझा नातूही बिघडला होता.”

तिथल्या कॅडेटला मात्र दरमहा भत्ता मिळतो आणि नंतर किमान पाच वर्षं सक्रिय सेवा करावी लागते. अनापोलिसवाल्यांना, म्हणजे नौदल अकादमीच्या पोरांना, ‘तुम्ही चार वर्षं बोटीवरच राहता का’ असं विचारतात म्हणे. म्हणजे घोडे आणि बोटी, दोन्हीकडं तेच.

---

कृष्णाकाठची | रविवार, सकाळी ७:५०

सकाळी सासूबाईंना अर्धा धागा वाचून दाखवला. हौदावर खूप हसल्या. हंटरवर नाही.

आता बाटलीचा विषय काढते, कारण कुणीच काढला नाहीये आणि सगळ्यांच्या मनात आहे. मुलगा पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा न बोलावता चार पाहुणे हजर. चहा झाला, पोहे झाले, कुणी उठेना. शेवटी माझे चुलतदीर म्हणाले, “बाळा, बॅग उघड की. कॅन्टीनचं काही?” त्यानं बॅग उघडली. नऊ जोड मळके मोजे निघाले. ते धुवायला टाकेपर्यंत पाहुणे पांगले.

कॅडेटला दारूची बंदी असते. हे सांगितलं तर दीर मला समजावतात, “तसं लिहावं लागतं कागदावर.”

दुसरा विषय स्थळं. पोरगा वीस वर्षांचा नाही तर एक बाई घरी आल्या. मुलगी कॉलेजात आहे, आत्ता नुसतं उरकून ठेवू, नांदायला नंतर पाठवू. मी हात जोडले. प्रशिक्षण पुरं होईपर्यंत लग्न करता येत नाही, केलं तर काढून टाकतात आणि सरकारनं केलेला सगळा खर्च भरून द्यावा लागतो. बाई क्षणभर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “साधारण किती होतो खर्च?”

---

सायकल_खांद्यावर | रविवार, सकाळी ८:३०

वर्गणी काढण्याच्या तयारीत होत्या वाटतं.

---

दोन_वेण्या | रविवार, सकाळी ९:१५

लग्नाचं निघालंच आहे म्हणून. माझी चुलतबहीण तयारी करतेय. मुलगी एनडीएत जाणार म्हटल्यावर पहिला प्रश्न “नर्स का?”, दुसरा “ऑफिसात बसवतील ना?”, तिसरा “केस कापतील का?” आणि चौथा, कुजबुजत, “मग करेल कोण हिच्याशी?” (खर्च विचारणाऱ्या बाईंचा नंबर मिळेल का? त्यांना मुलगा असेल तर.)

सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये मुलींना परीक्षेला बसू दिलं. २०२२ मध्ये १४८ व्या कोर्सबरोबर पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी त्यातल्या १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या. तीच परेड, तीच मैदानं. माझ्या काकानं टीव्हीवर ते संचलन बघितलं. म्हणाला, “यात मुली कुठं आहेत?” टोपी आणि गणवेशात त्याला ओळखूच येईनात. बहिणीच्या तोंडावर जे हसू आलं ते बघण्यासारखं होतं.

---

रानपाखरू | रविवार, सकाळी १०:४०

धागा मजेशीर आहे पण एक बोलतो. माझा भाऊ अग्निवीर आहे. गावात कुणीतरी बॅनर लावला, ‘एनडीएत निवड’. त्यानं स्वतः जाऊन उतरवायला लावला, तर लोक म्हणाले मग साधी भरतीच का? इथंही वरती दोनदा वाटलं की ‘एनडीए म्हणजे भरती नव्हे हो’ हे हसण्यासारखं सांगितलं जातंय. भरतीसाठी पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं बघितलीत का कधी? चार वर्षांची नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढं कायम करणार, हे माहीत असून पळतात.

---

कृष्णाकाठची | रविवार, सकाळी ११:०५

रानपाखरू, बरोबर आहे तुमचं. इथं तसं कुणी लिहिलेलं मला दिसत नाही, पण घरी मी ‘नाही हो, भरती नव्हे’ असं नाक वर करून म्हटलेलं आहे, खोटं का बोलू. आणि भावानं बॅनर उतरवायला लावला हे आवडलं. आमच्या गल्लीत लेकाचा बॅनर लागला होता तो सहा महिने कुणी काढला नाही, शेवटी त्याची ताडपत्री करून कुणीतरी म्हशीच्या गोठ्यावर घातली. हंटरवाला पोरगा म्हशीवर सावली धरून आहे.

---

सायकल_खांद्यावर | रविवार, सकाळी ११:३०

रानपाखरू, +१. मला पहिलं ड्रिल शिकवलं ते भरतीतूनच आलेल्या एका हवालदार उस्तादानं. माझा उजवा हात कुठं आणि डावा कुठं हे आईनंतर त्यानंच शिकवलं. ड्रिल स्क्वेअर टेस्ट पास होईपर्यंत रविवारी शहरात जायची मुभा नसते. मला ती त्यानं मिळवून दिली, नाहीतर अजून तिथंच डावं-उजवं करत असतो.

बाकीचे घोळ भराभर सांगतो. सुदान ब्लॉक ही एनडीएची मुख्य इमारत, सुदानी मुलांचं वसतिगृह नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या बाजूनं लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारनं एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर आपल्या वाट्याला आले ७० हजार. ते या घुमटाच्या इमारतीसाठी लागले, १९५९ मध्ये ती खुली झाली. इंडिया स्क्वाड्रन (आय अक्षराचं) म्हणजे ‘भारतीयांचं’ आणि बाकीची परदेशी, असंही नाही. मित्रदेशांचे कॅडेट असतात, पण ते सगळ्या स्क्वाड्रनमध्ये विखुरलेले. एएफएमसी वेगळं, तिथं डॉक्टर होतात. मला आयुष्यभर लोकांनी गुडघेदुखीवर औषध विचारलं. साताऱ्याचं सैनिक स्कूल वेगळं, ती १९६१ ची शाळा. संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट वेगळी, तिथं अकरावी-बारावी आणि तयारी. आणि एनसीसीत दोन वर्षं समोसे खाल्लेत म्हणून तुम्ही माझे ‘कोर्समेट’, म्हणजे एकाच तुकडीतले, होत नाही, हे एका लग्नात भेटलेल्या गृहस्थांना नम्रपणे.

कोर्समेट हा शब्द मात्र साधा नव्हे. नरवणे, करमबीर सिंह आणि भदौरिया एकाच वेळी तिन्ही दलांचे प्रमुख होते, तिघंही एनडीएच्या ५६ व्या कोर्सचे. लोक म्हणाले काय योगायोग. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न आला : यांच्यातला सायकल कोण खांद्यावर घ्यायचा?

---

घाटावरची | रविवार, दुपारी १२:१०

राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्लाही तिथलेच ना? भाच्याला सांगितलं. आता साप गेले, अंतराळ आलं. झोप तशीच नाही.

---

पुणेरी_टोमणा | रविवार, दुपारी १२:२५

होय, तिथलेच. त्याला म्हणावं रॉकेटला जिना असतो, पायऱ्या मोजून ठेव.

---

सायकल_खांद्यावर | रविवार, दुपारी ३:००

जेवून पडलो होतो, आजी आठवली. आजीचा किस्सा सांगतो आणि थांबतो.

तेव्हा तार असायची. मी घरी तार केली : ‘पासिंग आऊट परेड’, तारीख, ‘या’. तार इंग्रजीत. पोस्टमननं दारात वाचून दाखवली, तेवढंच त्याला येत होतं. आजी ओसरीवर शेंगा फोडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“पास झाला की औट झाला? एकच काय ते सांग.”

पोस्टमन म्हणाला, “आजी, दोन्ही लिहिलंय.”

आजीनं सबंध गावात सांगितलं की पोरगा पास होता होता औट झाला, पण सरकार चांगलं आहे, तरी कार्यक्रम करतंय. आणि नऊवारी नेसून, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन खडकवासल्याला आली. खेत्रपाल परेड ग्राउंडवर कडक उन्हात बसली. बँड वाजला, शेकडो पोरं एका तालात गेली. त्यात मी कोणता हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं सरसकट सगळ्यांची दृष्ट काढली. शेवटी पायरीवरून ‘अंतिम पग’ टाकून आम्ही बाहेर पडलो, टोप्या उडवल्या, आरडाओरडा केला, मी धावत तिच्याकडं गेलो.

तिनं आधी माझे खांदे चाचपले. “चांदण्या कुठायत?”

म्हटलं, “आजी, त्या आत्ता नाही मिळत. इथलं संपलं, आता आर्मीवाले डेहराडूनला जाणार, मला बोटीवर शिकायला जायचंय. ते झालं की मग.”

“म्हणजे अजून शिकायचंय?”

“हो.”

आजीनं डब्याचं झाकण उघडलं, माझ्या हातावर लाडू ठेवला आणि बाबांकडं वळून म्हणाली, “बघ. मी म्हणत होते, औटच झालाय.”

---

कृष्णाकाठची | रविवार, संध्याकाळी ५:२०

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, आजींचं बरोबर होतं. आणि विचारतायत, तुमचं स्क्वाड्रन कुठलं?

---

सायकल_खांद्यावर | रविवार, संध्याकाळी ५:३१

हंटर. सांगू नका त्यांना.